मराठीत सायफाय आणि थ्रिलर सुचवताना तीच चार नावं का येतात? थोडी पार्श्वभूमी

'मराठीत एखादं चांगलं सायफाय किंवा थ्रिलर सुचवा ना' असं कोणी विचारलं की उत्तरं बहुतेक ठरलेली असतात. नारळीकर वाच, धारप वाच, सुशि म्हणजे सुहास शिरवळकर वाच, आणि सांगणारा साठीच्या पुढचा असेल तर बाबूराव अर्नाळकर. त्यानंतरचा प्रश्नही ठरलेला, 'पण हे मिळेल कुठे?' आणि तिथे बऱ्याचदा गाडी अडते, कारण सुचवणाऱ्याने ते पुस्तक तीस वर्षांपूर्वी लायब्ररीतून आणून वाचलेलं असतं, त्याच्याकडे प्रत नसते आणि दुकानातही नसते. असं का झालं हे नीट सांगायचं तर सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं. माझं मत आधीच सांगून टाकतो, ही पुस्तकं मराठीत जगवली ती वाचकांनी एकमेकांना सांगून सांगून, समीक्षेने त्यातल्या निम्म्यांकडे बघितलंही नाही, आणि ज्यांच्याकडे बघितलं नाही तीच आज शोधून सापडत नाहीत.

सुरुवात बघा कुठे आहे, थेट केरळात. कोचीनहून कृष्णाजी नारायण आठल्ये 'केरळ कोकिळ' नावाचं मराठी मासिक काढायचे, त्यात १९०० च्या सुमारास ज्यूल व्हर्न ह्या फ्रेंच लेखकाच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचं भाषांतर क्रमशः यायला लागलं. विमान अजून उडालेलं नव्हतं आणि मराठी वाचक महिन्याच्या महिन्याला तोफेतून चंद्रावर जायची गोष्ट वाचत होता, मला ही गोष्ट अजूनही थरारक वाटते. क्रमशः छापण्याचा एक फायदा असा की पुढचा अंक येईपर्यंत बोलायला महिनाभर मिळतो, 'आता ह्यांचं काय होणार' ह्यावर घरात चर्चा होते, अंक एका घरातून दुसऱ्या घरात जातो. पुस्तकाबद्दलची शिफारस त्या काळात अशीच फिरायची.

थ्रिलरच्या बाजूला त्याच काळात गो. ना. दातारशास्त्री होते. त्यांनी रेनॉल्ड्स ह्या इंग्लिश लेखकाच्या कादंबऱ्या घेऊन त्या पार मराठी मातीत आणल्या, 'कालिकामूर्ती', 'इंद्रभुवनगुहा', 'बंधुद्वेष' वगैरे. भुयारं, गुप्त दरवाजे, वारसाहक्काची भांडणं, वेषांतरं, सगळा मालमसाला. रेनॉल्ड्सला इंग्लंडमध्येच साहित्यिक प्रतिष्ठा नव्हती, तो खपायचा मात्र प्रचंड, आणि मराठीत दातारांचंही जवळपास तेच झालं. वाचले सगळ्यांनी, पण चांगल्या पुस्तकांच्या यादीत नाव घ्यायचं म्हटलं की हरिभाऊ आपटे. म्हणजे 'आवडतं पण सांगायचं नाही' ही सवय आपल्याला तेव्हापासून लागलेली आहे.

स्वतंत्र मराठी विज्ञानकथा म्हटलं की श्रीधर बाळकृष्ण रानड्यांच्या 'तारेचे हास्य'चं नाव घेतात, ती १९१६ च्या आसपास 'मनोरंजन' मासिकात आली. 'मनोरंजन' म्हणजे का. र. मित्रांचं मासिक, ज्यांनी १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला. अजून एक पुस्तक इथे सांगायलाच हवं कारण ते कोणीच सुचवत नाही, काशीबाई कानिटकरांचं 'पालखीचा गोंडा', १९२८ चं. बायकांच्या हातात राज्यकारभार आला तर ते राज्य कसं असेल ह्याची कल्पना त्यात आहे. आज असं पुस्तक इंग्लिशमध्ये आलं तर त्याला लगेच स्पेक्युलेटिव्ह फिक्शन, म्हणजे 'असं झालं तर' छापाच्या गोष्टी, म्हणून वेगळं शेल्फ मिळेल, आपल्याकडे ते स्त्री-साहित्याच्या अभ्यासात एका ओळीत येतं आणि पुढे सरकतात.

आता अर्नाळकर. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, जन्म १९०६, गेले १९९६ मध्ये. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या त्यांनी, एक हजार! धनंजय आणि त्याचा छोटू, झुंझार आणि विजया, काळा पहाड, ही माणसं त्या पिढीला नात्यातल्या माणसांसारखी माहीत होती. पुस्तकं छोटी, एका बैठकीत संपणारी, भाषा सरळ, पहिल्याच पानावर काहीतरी घडलेलं. ज्यांचं शिक्षण अर्धवट राहिलं त्यांना, गिरणीत पाळी संपवून आलेल्या माणसाला, दुपारी काम आटोपलेल्या बायकांना, शाळकरी पोरांना सगळ्यांना चालतील अशी. मराठी वाचायची सवय लावण्यात अर्नाळकरांचा वाटा किती मोठा आहे हे आपण कधी मोजलंच नाही, आणि माझ्या मते तो पाठ्यपुस्तकातल्या अनेक थोर लेखकांपेक्षा मोठा आहे.

आणि ही पुस्तकं लोकं विकत फारशी घ्यायचीच नाहीत, ती फिरायची सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांमधून. हा भाग जरा सविस्तर सांगतो कारण आजची सगळी गोची इथे आहे. मुंबईत गिरगाव, दादर, लालबाग, पुण्यात पेठांमध्ये, पुढे डोंबिवली-ठाण्यात, गल्लीत एखादा गाळा, भिंतीला फळ्या, थोडं डिपॉझिट आणि महिन्याची वर्गणी, किंवा रोजच्या भाड्याने पुस्तक. सार्वजनिक ग्रंथालयांना १९६७ च्या कायद्यानंतर सरकारी अनुदानाची रीतसर व्यवस्था झाली, पण गल्लीतली ही खासगी लायब्ररी वाचकाच्या पैशावरच चालायची, त्यामुळे मालकाला रोज हलणारं पुस्तक लागायचं. रहस्यकथा रोज हलायची. आज नेलं, उद्या परत. म्हणून त्याच जास्त घेतल्या जायच्या.

शिफारस करणारा पहिला माणूस म्हणजे काउंटरवरचे काका. त्यांना कोणाला काय आवडतं हे तोंडपाठ, 'अहो वहिनी, ह्यात भूत नाहीये, न्या बिनधास्त' किंवा 'हे तू वाचलंयस रे, कव्हर बदललंय फक्त'. दुसरी शिफारस म्हणजे पुस्तकाच्या मागे चिकटवलेला तारखांच्या शिक्क्यांचा कागद, तो गच्च भरलेला असला, त्याच्यावर दुसरा कागद चिकटवलेला असला, की समजायचं पुस्तक भारी आहे. मला हे आजच्या पाच स्टारपेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं, कारण प्रत्येक शिक्क्यामागे कोणीतरी पैसे देऊन पुस्तक घरी नेलेलं होतं. तिसरी शिफारस पेन्सिलीत, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, 'मस्त', 'बोर', 'शेवट फसला', आणि काही दुष्ट मंडळी पहिल्याच पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवायची. शेवटची पानं फाटलेली असणं हाही एक कायमचा वैताग.

पण ह्याच व्यवस्थेमुळे पुस्तकं संपली. स्वस्त कागद, पातळ बांधणी, शेकडो हातांतून गेलेली प्रत, खिळखिळी झाली की रद्दीत. घरी संग्रह कोणी ठेवला नाही. सार्वजनिक ग्रंथालयांनी ललित साहित्य म्हणून जे जपलं त्यात रहस्यकथांना फारशी जागा मिळाली नाही. हजाराच्या वर पुस्तकं लिहिणाऱ्या माणसाची आज सहज मिळणारी पुस्तकं मोजकीच आहेत ह्याचं कारण हे आहे.

मुलांच्या बाजूने मात्र एक माणूस वेगळ्या निष्ठेने काम करत होता, भा. रा. भागवत. फास्टर फेणे त्यांचा हे सगळ्यांना माहीत आहे, २०१७ च्या सिनेमामुळे नव्या पोरांनाही कळलं, पण त्यांचं ज्यूल व्हर्नचं काम मला त्याहून मोठं वाटतं. 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'समुद्रसैतान', 'मुक्काम शेंडेनक्षत्र'. ही भाषांतरं वाचताना मराठी कुठेही अडखळत नाही, आणि लेखक कोण, मूळ पुस्तक कुठलं हे ते लपवत नाहीत, उलट व्हर्नबद्दल मुलांना प्रेमाने सांगतात. ज्यांनी ती दहाव्या-बाराव्या वर्षी वाचली ते पुढे नारळीकरांकडे आणि मग असिमोव्ह-क्लार्क ह्या इंग्लिश विज्ञानकथाकारांकडे गेले, असं सांगणारे खूप वाचक भेटतात. पुस्तक सुचवताना वयाचा विचार करायचा असेल तर सुरुवात इथूनच, दुसरीकडून नको.

मोठ्यांसाठी मासिकं होती. अनंत अंतरकरांचं 'नवल' हे नाव जुन्या वाचकांसमोर घेऊन बघा, डोळे चमकतात. गूढ, भय, विज्ञान, परदेशी कथांची रूपांतरं असा सगळा ऐवज त्यात असायचा. पुढे 'धनंजय'सारखे दिवाळी अंक रहस्यकथा आणि विज्ञानकथा दोन्ही एकत्र द्यायला लागले. हे महत्त्वाचं आहे, कारण मराठीत सायफायचा आणि थ्रिलरचा वाचक कधी वेगळा नव्हताच, तोच माणूस दिवाळीत एका अंकात दोन्ही वाचत होता. अमेरिकेत १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅकने 'अमेझिंग स्टोरीज' काढलं आणि वाचकांची पत्रं त्यांच्या पत्त्यासकट छापायला सुरुवात केली, मग ते वाचक एकमेकांना पत्रं लिहायला लागले, क्लब झाले, संमेलनं झाली, १९५३ पासून ह्यूगो नावाचे पुरस्कार सुरू झाले. म्हणजे वाचकांच्या मताला तिथे एक घर मिळालं. आपल्याकडे वाचक तितकाच वेडा होता, त्याची मतं मात्र लायब्ररीच्या काउंटरवर आणि लोकलच्या डब्यात हवेत विरून गेली, नोंद राहिली नाही. 'ललित' मासिक १९६४ मध्ये सुरू झालं ते पुस्तकांबद्दलच बोलायला, चोखंदळ वाचकांची निवडही त्यात यायची, पण निवडायला बसल्यावर काळा पहाड कोण निवडणार.

नारायण धारपांबद्दल लिहिताना मी थोडा हळवा होतो. १९२५ ते २००८. लोकांना ते भयकथांमुळे माहीत, समर्थ ह्या त्यांच्या नायकाच्या कथा, 'चेटकीण', 'लुचाई', पण 'नेनचिम', 'गोग्रॅमचा चितार' ह्या विज्ञानकादंबऱ्याही त्यांच्याच. धारप सुचवला की हल्ली एक वाद निघतोच, की 'लुचाई' तर स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून आहे, मग ह्यात त्यांचं काय? प्रश्न योग्य आहे. मूळ लेखकाचं नाव ठळकपणे द्यायला हवं ह्यात शंकाच नाही, आणि मराठीत दातारशास्त्र्यांपासून ही रूपांतराची परंपरा चालत आली, तेव्हा वाचकाला मूळ पुस्तक मिळायची शक्यता नव्हती म्हणून कोणी विचारलंही नाही. पण ज्याने दोन्ही वाचलंय त्याला कळतं की धारपांनी अमेरिकेतलं गाव उचलून तसंच ठेवलेलं नाही. आपल्याकडच्या वाड्यातली संध्याकाळ, माजघरातला अंधार, घरातल्या माणसांचं एकमेकांशी तुटक बोलणं, हे त्यांचं स्वतःचं आहे आणि भीती तिथूनच येते. २०१८ च्या 'तुंबाड' सिनेमामागे धारपांच्या 'आजी' कथेची प्रेरणा होती हे कळल्यावर कितीतरी हिंदी-इंग्लिश वाचणारी पोरं धारप शोधायला लागली. (सिनेमाचं नाव मात्र श्री. ना. पेंडश्यांच्या 'तुंबाडचे खोत'वरून, त्या कादंबरीत भूतबित नाही, बरेच जण फसतात.)

मग आला १९७४ चा तो प्रसंग. मराठी विज्ञान परिषद, जी १९६६ मध्ये सुरू झाली, ती विज्ञानकथांची स्पर्धा घ्यायची. जयंत नारळीकर तेव्हा केंब्रिजहून परत येऊन मुंबईच्या टीआयएफआर ह्या संशोधन संस्थेत होते, नाव देशभर झालेलं. अहमदाबादला एका परिसंवादात कंटाळवाणं भाषण चालू असताना त्यांनी कागदावर गोष्ट लिहायला घेतली, 'कृष्णविवर'. स्वतःच्या नावामुळे परीक्षक प्रभावित होऊ नयेत म्हणून नाव घेतलं नारायण विनायक जगताप, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, आणि अक्षर ओळखू येईल म्हणून पत्नी मंगलाताईंकडून ती लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. मला ह्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट ही वाटते की इतक्या मोठ्या शास्त्रज्ञाला आपली गोष्ट गोष्ट म्हणून चांगली आहे का हे जाणून घ्यायचं होतं. त्यांचे गुरू फ्रेड हॉइल स्वतः विज्ञानकादंबऱ्या लिहायचे, 'द ब्लॅक क्लाउड' १९५७ ची, त्यामुळे शास्त्रज्ञाने गोष्टी लिहिणं त्यांना कमीपणाचं वाटणं शक्यच नव्हतं.

त्यानंतर चित्र फिरलं. १९७५ च्या कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी विज्ञानकथेची दखल घेतली, 'किर्लोस्कर'सारख्या मासिकाने नारळीकरांकडून कथा मागून घेतल्या, १९७९ मध्ये मौज प्रकाशनाने 'यक्षांची देणगी' हा त्यांचा कथासंग्रह काढला. मौज म्हणजे मराठी साहित्यातली सगळ्यात मानाची पंगत, तिथे सायफाय बसलं! 'प्रेषित', 'वामन परत न आला' आल्या. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे, अरुण मांडे अशी फळीच उभी राहिली, अरुण साधूंनी 'विप्लवा' लिहिली. फोंडक्यांनी १९९३ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टसाठी 'इट हॅपन्ड टुमॉरो' हा भारतीय विज्ञानकथांचा इंग्लिश संग्रह केला त्यात मराठी नावं भरपूर आहेत. आणि नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत', ज्यात पानिपतावर विश्वासरावांना गोळी चाटून जाते आणि सगळा इतिहासच वेगळ्या रस्त्याने जातो, ती एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्लिश पुस्तकात 'द ॲडव्हेंचर' म्हणून आली. बिहार-केरळातल्या पोरांनी वाचलेली मराठी गोष्ट म्हणून मला तिचा फार अभिमान आहे. २०२१ मध्ये नाशिकच्या संमेलनाचं अध्यक्षपदही नारळीकरांकडे आलं, २०२५ च्या मे महिन्यात ते गेले.

पण इथे एक फाळणी झाली आणि तिचा परिणाम शिफारशींवर अजून दिसतो. विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळाली ती 'ह्यातून विज्ञान कळतं' ह्या कारणाने. शिक्षक सुचवायला लागले, बक्षीस समारंभात द्यायला लागले. छान झालं, पण त्यामुळे विज्ञान किती बरोबर आहे ह्यावरच मत देण्याची सवय लागली, गोष्टीतली माणसं जिवंत आहेत का हे कोणी विचारेना, आणि खरं सांगायचं तर त्या काळातल्या बऱ्याच कथांमध्ये एक शास्त्रज्ञ दुसऱ्याला दोन पानं समजावून सांगतो आणि गोष्ट संपते. लोंढ्यांची 'दुसरा आइन्स्टाइन' किंवा जावडेकरांच्या कथा ह्याला अपवाद, तिथे प्रश्न माणसांचा आहे. थ्रिलरला मात्र कसलंच कारण मिळालं नाही, तो टाइमपासच राहिला.

त्याच वर्षांत सुहास शिरवळकर, म्हणजे सुशि, जोरात होते. दारा बुलंद, वकील अमर विश्वास, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन हे त्यांचे नायक. कॉलेजच्या पोरांची खरी बोली मराठी कादंबरीत आणली ती त्यांनी, आणि त्यांच्या पुस्तकांची शिफारस होस्टेलच्या खोल्यांमधून व्हायची. गुरुनाथ नाईकांनीही हजारावर रहस्यकथा लिहिल्या. सुशि २००३ मध्ये गेले, त्यांच्या 'दुनियादारी'वर २०१३ मध्ये सिनेमा आला तेव्हा त्यांचं नाव घराघरात परत पोचलं, दहा वर्षं उशिरा.

टीव्ही आल्यावर दुपारचा आणि रात्रीचा वाचनाचा वेळ गेला, गल्लीतल्या लायब्रऱ्या एकेक करून बंद पडल्या, जागांचे भावही कारण होतेच. उरलेली जागा अनुवादांनी घेतली. रवींद्र गुर्जरांचं 'पॅपिलॉन' आणि विजय देवधरांचं 'डेझर्टर' एका अख्ख्या पिढीने वाचलंय, मग मेहता पब्लिशिंगने रॉबिन कुक, मायकेल क्रायटन, डॅन ब्राउन आणले, रोहन प्रकाशनाने अशोक जैनांच्या अनुवादातून सत्यजित राय ह्यांचा गुप्तहेर फेलूदा आणला. २०१७ मध्ये स्टोरीटेल भारतात आलं आणि ऐकण्याचा नवीन रस्ता झाला, धारपांना त्याचा चांगला फायदा झाला.

तर आता सुचवायचंच म्हटलं तर माझा क्रम असा. घरात दहा-बारा वर्षांचं पोर असेल तर भागवतांचं 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', दुसरं काही नको. मोठ्या माणसाने सायफाय कधीच वाचलं नसेल तर 'यक्षांची देणगी', कथा आहेत, एखादी नाही आवडली तर पुढची. विज्ञानाचं दडपण येत असेल तर सुबोध जावडेकर. थ्रिलरमध्ये सुशिंचा अमर विश्वास आधी, दारा बुलंद नंतर. धारप आवडले आणि आजच्या काळातलं काही हवंय तर हृषीकेश गुप्ते, 'अंधारवारी'पासून सुरू करा आणि मग 'दंशकाल', ती घाईत वाचायची कादंबरी नाही. आणि कोणाच्या माळ्यावर अर्नाळकरांची जुनी पुस्तकं पडलेली असतील तर कृपा करून रद्दीत घालू नका, स्कॅन करा, नाहीतर जुन्या पुस्तकांची कदर असणाऱ्या एखाद्या लायब्ररीला द्या, मागचा शिक्क्यांचा कागद न काढता.